एक चमचा, चार बँडएड आणि पिंजऱ्यातली गोटी

मराठीत चमचा म्हटलं की साहेबाच्या मागे मागे फिरणारा माणूस डोळ्यासमोर येतो, त्यामुळे मी घरी व्हिडिओ कॉलवर सांगितलं की हल्ली दर शनिवारी चमचे कोरायला जाते, तेव्हा बाबा म्हणाले, "ऑफिसात कमी पडले का गं, की आता स्वतः तयार करायला लागलीस?" आई मागून ओरडली की बोटं सांभाळ. आईचं बरोबर निघालं, पण ते पुढे.

तर विषय आहे वेल्समधले लव्हस्पून, म्हणजे पूर्वी मुलगा आवडलेल्या मुलीला स्वतः कोरून द्यायचा ते लाकडी चमचे. मी कार्डिफला राहते, चार वर्षं झाली. इथे कॅसलच्या आसपास कुठल्याही सुवेनिरच्या दुकानात शिरा, एक भिंत नुसती लाकडी चमच्यांनी भरलेली असते. लांब सपाट दांडा, त्यावर हृदय, साखळी, किल्ली, चाक, ड्रॅगन असं काय काय कोरलेलं आणि खाली नावापुरता एक चमचा. सोबत एक छापील कार्ड मिळतं, हृदय म्हणजे प्रेम, साखळी म्हणजे एकनिष्ठता, किल्ली म्हणजे घर, नाल म्हणजे नशीब, घंटा म्हणजे लग्न, क्रॉस म्हणजे श्रद्धा. मी पहिल्या वर्षी मैत्रिणीच्या लग्नाला असाच एक पाठवला होता, कार्ड वाचून वाचून निवडला, जसं आपण हॉटेलात मेन्यू वाचून ऑर्डर देतो तसा. तेव्हा फार भारी वाटलं होतं. आता त्या कार्डावर माझा जरा राग आहे, आणि ही पोस्ट खरं तर त्या रागातूनच लिहितेय.

वेल्श भाषेत याला म्हणतात ल्लुय गारी. ल्लुय म्हणजे चमचा, कारी म्हणजे प्रेम करणं. आता कारीचं गारी का झालं तर चमचा हा शब्द वेल्शमध्ये स्त्रीलिंगी आहे आणि स्त्रीलिंगी नामाच्या पुढे आलेल्या शब्दाचं पहिलं अक्षर मऊ होतं, क चा ग. अनेकवचन केलं की परत कारी. आपण मराठीवाले तीन लिंगांमुळे उगाच बदनाम आहोत, इथे तर शब्दाचं तोंडच बदलतं. आणि तो सुरुवातीचा ल्ल म्हणजे ल नाही आणि ळ तर नाहीच, जीभ ल च्या जागी टेकवायची आणि बाजूने नुसती हवा सोडायची. मला चार वर्षांत एकदा बरोबर आला, तेव्हा सर्दी झाली होती.

क्लासबद्दल सांगते. गावाबाहेर एका चर्चच्या हॉलमध्ये आठ शनिवार. शिकवणारे एक रिटायर्ड सुतार, सत्तरीच्या पुढचे, मी मनातल्या मनात त्यांना आजोबाच म्हणते. आम्ही सहा जण. पहिल्या दिवशी मी मोठ्या उत्साहाने घरून डिझाईन काढून नेलं होतं, लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला नवऱ्याला द्यायचा होता ना, त्यामुळे त्यात सगळंच होतं, वर चाक, मग किल्लीचं भोक, मग तीन कड्यांची साखळी, मग पिंजऱ्यात दोन गोट्या, मधे वेल आणि अर्थातच हृदय. आजोबांनी कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला, आणि म्हणाले, "चमचा कुठे आहे?" चमचा मी काढायलाच विसरले होते.

लाकूड सिकॅमोरचं. हे झाड मुळात ब्रिटनचं नाही, बाहेरून आलेलं, पण वेल्समध्ये स्वयंपाकघर आणि दूधदुभत्याची लाकडी भांडी म्हटली की सिकॅमोरच, कारण त्याला ना वास ना चव, दह्या-लोण्याला लाकडाची चव लागत नाही. रंग जवळजवळ सायीसारखा. रेषा बारीक आणि घट्ट, त्यामुळे बारीक कोरीवकाम धरून ठेवतं. सफरचंद, पेअर, चेरी अशा फळझाडांचं लाकूडही वापरतात, पण नवशिक्याला सिकॅमोर. खेड्यापाड्यात लोक काउल नावाचं सूप, म्हणजे मटण, बटाटे, लीक घालून उकळलेलं पातळ कालवणच म्हणा, लाकडी वाडग्यात घेऊन लाकडी चमच्याने खायचे, गरम कालवणात बुडवला तरी लाकडी चमचा ओठाला चटका देत नाही. म्हणजे चमचा कोरणं ही काही प्रेमिकांची खास कला नव्हती, शेतावरच्या बहुतेक पुरुषांच्या हातात चाकू असायचाच आणि हिवाळ्याच्या रात्री लांब. पश्चिमेकडे टायवी नदीच्या खोऱ्यात आबरकीखसारख्या गावात तर लाकडी भांडी बनवणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या होते. प्रेमाचा चमचा हा त्याच कालवणाच्या चमच्याचा नटलेला भाऊ. सॉरी, वेल्शमध्ये बहीण.

आणि हत्यार. साधा छोटा चाकू, एक बारीक करवत, आणि चमच्याची वाटी खोदायला वाकड्या पात्याचा चाकू. याचं पारंपरिक वेल्श नाव टुका काम. मराठी कानाला तर थेट तुका काम करतोय असंच ऐकू येतं, मी हसले तर आजोबांना वाटलं मला हत्यारच विनोदी वाटलं. टुका म्हणजे चाकू, काम म्हणजे वाकडा. जुन्या टुकाचा दांडा चांगला लांब असतो, दांडा अंगाला टेकवून कोपर आणि खांद्याचा जोर लावायचा, नुसत्या मनगटाने करायला गेलात तर अर्ध्या तासात मनगट संपतं. माझं पंधरा मिनिटांत संपलं.

आता मुख्य मुद्दा. आजोबा म्हणाले की अवघड काम आधी कर, सोपं शेवटी, म्हणजे मोडलं तर कमी वाया जाईल. हृदय कोरून, घासून, पॉलिश करून बसलीस आणि मग साखळी मोडली तर रडशील. म्हणून पहिले तीन शनिवार नुसती साखळी आणि पिंजरा.

साखळीचं असं असतं की कडी जोडत नाहीत, डिंक नाही, खिळा नाही, सगळी साखळी एकाच सलग लाकडातून सोडवायची. चौकोनी दांडी घ्यायची, तिचे चार कोपरे लांबीभर कापून टाकायचे, म्हणजे टोकाकडून बघितलं तर अधिकच्या चिन्हासारखी दिसते. मग त्या अधिकच्या एका पट्टीवर एक कडी काढायची, आडव्या पट्टीवर दुसरी, एकमेकींत अर्धी अर्धी घुसलेली. मग दोन कड्या जिथे चिकटलेल्या असतात तिथलं लाकूड चाकूच्या टोकाने टोकरत, टोकरत, टोकरत काढायचं. एक तास काहीच होत नाही. आणि मग एकदम टक असा बारीक आवाज येतो आणि कडी हातात हलते. खरं सांगते, मी ऑफिसात प्रोजेक्ट लाईव्ह केलेत, तेव्हा असं काही झालं नाही पोटात.

मी ती कडी नवऱ्याला दाखवायला फोटो काढत होते तेव्हाच ती मोडली. आजोबांनी कारण सांगितलं ते इतकं सोपं की लाज वाटली, लाकडाची ताकद रेषेच्या दिशेने असते, कडीच्या दोन लांब बाजूंना रेषा लांबलचक मिळते, पण जिथे कडी गोल वळते तिथे रेषा आडवी कापली जाते आणि तिथे ती बिस्किटासारखी तुटते. म्हणून वळणावर लाकूड जाड ठेवायचं. मी सगळीकडे सारखी बारीक केली होती, सुंदर दिसावी म्हणून. दुसऱ्यांदा केली, दुसरी कडी मोडली. तिसऱ्यांदा केली नाही.

पिंजरा मात्र जमला. त्यात दांडीच्या चारी बाजूंना खिडक्या कापायच्या, चार कोपऱ्यांचे चार खांब राहतात, मधे एक लाकडाचा ठोकळा. तो ठोकळा त्या खिडक्यांमधूनच चाकूचं टोक घालून गोल करत जायचा, वर-खाली जिथे चिकटलेला असतो तिथून हळूहळू सोडवायचा. शेवटचे दोन-तीन तंतू राहतात तेव्हा फार धीर लागतो, कारण पिळून तोडावंसं वाटतं आणि पिळलं तर खांब मोडतो. मी श्वास रोखून चाकू फिरवला, गोटी सुटली आणि खालच्या तळावर पडली. खुळखुळ. गोटी खिडकीपेक्षा मोठी, त्यामुळे बाहेर येऊ शकत नाही, कधीच. याच टप्प्यावर चारपैकी तीन बँडएड लागले, डाव्या अंगठ्याला दोन, तर्जनीला एक. चौथा करवतीचा, तो सोडा.

दुकानातलं कार्ड म्हणतं पिंजऱ्यातल्या गोट्या म्हणजे किती मुलं हवीत त्याची संख्या. कुणी म्हणतं साखळीच्या कड्या म्हणजे मुलं. म्हणजे बघा, पोरीने अजून हो म्हटलेलं नाही आणि हा पठ्ठ्या लाकडात पाच मुलं कोरून घेऊन दारात उभा. मला हे पटत नाही. म्हणजे कुणी तसं म्हणून दिलाही असेल, पण अंगठ्याला दोन बँडएड लावून बसल्यावर माझं स्पष्ट मत झालंय की गोट्या आणि साखळ्या यांचा पहिला अर्थ एकच, बघा मला हे येतं. तो बायोडेटा होता हो. मुलगा शेतमजूर, खिशात काही नाही, जमीन नाही, दागिना घ्यायची ऐपत नाही, मग काय आहे तर हात आहेत, धीर आहे, आणि हिवाळ्याच्या पन्नास रात्री एकाच लाकडाशी बसायची चिकाटी आहे. पोरीच्या बापाने चमचा हातात घेऊन फिरवला की त्याला कळणार, तो पण चाकू चालवणाराच, की ही साखळी किती अवघड आहे आणि कुठे मोडता मोडता वाचवलीय. त्याला कार्ड लागणार नाही. आणि चमचा घेतला म्हणजे साखरपुडा झाला असंही नव्हतं, एखाद्या मुलीकडे दोघा-तिघांचे चमचेही जमायचे, म्हणजे बायोडेटा घेऊन ठेवला, कळवतो.

काही खुणा मात्र मला पटतात, कारण त्या माणसाच्या कामातूनच आल्यासारख्या वाटतात. चाक म्हणजे तुझ्यासाठी राबेन, गाडा ओढेन. कुदळ-फावडं कोरलं तरी तेच. नांगर म्हणजे जहाजाचा, शेतातला नव्हे, तो म्हणजे आता इथेच थांबेन, आणि खलाशीही जहाजावर बसून चमचे कोरायचे, तेव्हा महिनोन्‌महिने पाण्यावर असलेल्या माणसाने नांगर कोरून पाठवला तर त्याला कुठल्या तक्त्याची गरज आहे सांगा. किल्ली आणि किल्लीचं भोक म्हणजे माझं घर ते तुझं. एकाच दांड्याला खाली दोन वाट्या असलेले चमचे पण असतात, जोडीचे, ते बघूनच कळतात. ड्रॅगन आणि डॅफोडिलचं फूल, या वेल्सच्या राष्ट्रीय खुणा, मात्र सरळ सरळ टुरिस्ट खातं. लाल ड्रॅगनचा झेंडा अधिकृत झाला १९५९ मध्ये. देशाभिमान चांगला आहे पण तो प्रेयसीला कशाला सांगायचा.

पाचव्या आठवड्याला क्लास नव्हता म्हणून मी सेंट फॅगन्सला गेले. कार्डिफच्या कडेला आहे, १९४८ ला सुरू झालेलं खुलं म्युझियम, वेल्सभरातून जुनी घरं, गिरण्या, चॅपल दगड न्‌ दगड सोडवून आणून इथे परत उभी केलीयत, तिकीट नाही. यांच्या संग्रहात १६६७ साल कोरलेला लव्हस्पून आहे, वेल्समध्ये तारीख असलेल्यांत सगळ्यात जुना मानतात तो. १६६७ म्हणजे शिवाजी महाराज आग्र्याहून सुटून आले त्याच्या पुढचं वर्ष, माझं डोकं तारखांना असंच लटकवतं, इलाज नाही. तर जुने चमचे बघताना मी आधी सवयीने हृदयं शोधत होते, आणि मग लक्षात आलं की मी मागे बघायचा प्रयत्न करतेय, मान वाकडी करून, काचेला नाक लावून, की वाटी मागून किती पातळ केलीय आणि मान, म्हणजे वाटी आणि दांडा जोडतो ती जागा, कशी वळवलीय. गार्डने दोनदा बघितलं माझ्याकडे. काही जुन्या चमच्यांत कोरलेल्या अक्षरांत रंगीत लाख भरलेली असते, पत्रावर सील करायची ती लाख. नावं जवळजवळ नसतातच, नुसती आद्याक्षरं. कोण होते, लग्न झालं का, काही नाही, दोन अक्षरं आणि एक साल.

त्या काळात भेटायचं कसं याची गोष्ट पण वाचण्यासारखी आहे. शेतावर कामाला असलेली मुलगी मालकाच्या घरात राहणार, मुलगा दुसऱ्या शेतावर गोठ्याच्या माळ्यावर झोपणार, दिवसभर काम, रविवारी चॅपल, मग भेटणार कधी तर रात्री. खिडकीवर बारीक खडे मारायचे, तिने उघडली तर आत. थंडी मरणाची, सरपण महाग, म्हणून कपड्यांसकट पांघरुणात बसून गप्पा मारायच्या, याला वेल्शमध्ये चक्क पलंगावरचं प्रेम असं नाव होतं आणि घरच्यांना बऱ्याचदा माहीत असायचं. मग १८४७ मध्ये वेल्समधल्या शिक्षणाची पाहणी करायला लंडनहून नेमलेल्या तीन इंग्रज कमिशनरांचा रिपोर्ट आला, तिघांनाही वेल्श येत नव्हतं, आणि शाळांबद्दल लिहिता लिहिता त्यांनी वेल्श बायकांच्या चारित्र्यावरही लिहून टाकलं, या रात्रीच्या भेटींचा दाखला देऊन. रिपोर्टच्या निळ्या कव्हरवरून लोक अजूनही त्याला निळ्या पुस्तकांचा विश्वासघात म्हणतात. आपली भाषा न येणाऱ्या साहेबाने आपल्यावर रिपोर्ट लिहायचा हे आपल्याला काही नवीन नाही, त्यामुळे हे वाचताना माझं रक्त जरा जास्तच तापलं.

इथे प्रेमाचा दिवस पण वेगळा आहे, २५ जानेवारी, सेंट ड्विनवेनचा. गोष्टीत ही बाई पाचव्या शतकातली राजकन्या, प्रेम फिस्कटलं, आणि तिने देवाकडे मागितलं काय तर प्रेमिकांचं भलं कर आणि माझं लग्न कधीच होऊ देऊ नकोस. आणि मग ती अँगलसीच्या बेटापाशी लांडुइनला जाऊन एकटी राहिली. प्रेमिकांची संत हीच. मला ती जाम आवडते. मी चमचा तिच्या दिवसापर्यंत संपवायचा ठरवलं कारण लग्नाचा वाढदिवस तोपर्यंत होऊन गेला होता.

वाटी खोदणं हे दिसायला सोपं. रेषेला आडवं खोदायचं, कडेकडून मधे, मग उलट बाजूने परत मधे. सरळ रेषेत ओढत गेलात की एका बाजूला छान लोण्यासारखं निघतं आणि मध्य ओलांडला की दुसऱ्या बाजूला पातं रेषेविरुद्ध घुसतं आणि लाकडाचा लचका निघतो. माझा निघाला, त्यामुळे वाटी ठरवल्यापेक्षा खोल झाली, जवळजवळ पळीच. मग पॉलिश पेपर, जाडा, मधला, बारीक. आणि ही एक ट्रिक लिहून ठेवा, सगळं गुळगुळीत झालं असं वाटलं की चमचा पाण्यात बुडवून काढायचा आणि वाळू द्यायचा. वाळल्यावर हात लावला तर अंगावर काटा आल्यासारखा खरखरीत, दबलेले तंतू पाण्याने उभे राहतात. परत घासायचं. असं दोनदा केलं की मग पुढे तो ओला झाला तरी तंतू फारसे उठत नाहीत. शेवटी अक्रोडाचं तेल, दोन हात. तेल लागलं की सायीचा रंग मधासारखा होतो आणि सगळ्या चुका पण ठळक होतात.

शेवटच्या शनिवारी सगळ्यांनी टेबलावर चमचे मांडले. माझ्या डिझाईनमधलं उरलं काय तर एक हृदय, डावीकडे जरा सुजलेलं, खाली किल्लीचं भोक, खाली पिंजऱ्यात एक गोटी, आणि मग खोल वाटी. चाक गेलं, साखळी गेली, वेल गेला. साखळीच्या जागी जिथून ती कापून टाकली तिथे मी नुसतं गोल केलं. आजोबांनी माझा उचलला. हृदयाकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ उलटा केला, वाटीच्या पाठीवरून अंगठा फिरवला, मानेवर आला तिथे थांबला, परत फिरवला. तिथे पॉलिश पेपरने लपवलेला चाकूचा एक घाव आहे, मलाच माहीत होता. मग पिंजरा कानाजवळ नेऊन हलवला. म्हणाले, "मान जाड ठेवलीस, बरं केलंस." बस. मी घरी येईपर्यंत बसमध्ये ते वाक्य चार वेळा मनात म्हटलं.

नवऱ्याला २५ तारखेला संध्याकाळी दिला. मी मुद्दाम काहीच सांगितलं नाही, हृदय म्हणजे काय, किल्ली म्हणजे काय, बघू म्हटलं हा काय वाचतो. त्याने आधी विचारलं, "आमटीला चालेल का?" मी म्हटलं चालेल, धू आणि वापर. मग त्याने उलटासुलटा केला, गोटी खुळखुळली, आणि तो थांबला. खिडकीतून आत बघितलं. नखाने गोटी बाहेर ओढायचा प्रयत्न केला, एका खिडकीतून, मग दुसरीतून, मग तिसरीतून. मोबाईलचा टॉर्च लावला. कुठे जोड दिसतोय का ते शोधलं, डिंकाची रेघ, काहीतरी. मी कुकरकडे तोंड करून उभी होते.

"अगं पण ही आत घातलीस कशी?"

मी सांगितलं नाही. तीन शिट्ट्या झाल्या तरी तो तिथेच स्टुलावर बसून नखाने ती गोटी फिरवत होता.